मध्यहिवाळ्याचे सण: पेगन किती, ख्रिस्ती किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिसेंबर लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठरलेला मजकूर येतो: ‘नाताळ हा मुळात सूर्यपूजेचा सण, ख्रिश्चनांनी तो ढापला.’ भाचा पाठवतो, जाऊबाई अंगठा दाखवतात, आणि शेवटी सगळं माझ्या गळ्यात पडतं, कारण मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. तीच तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांनी टाइप करून बोटं दुखली, म्हणून ती सगळी इथे एकत्र मांडली आहेत.

मध्यहिवाळा म्हणजे नेमका कोणता दिवस?

सूर्य दक्षिणेकडे सरकत सरकत जिथून मागे फिरतो, तो दिवस. उत्तर गोलार्धात तो २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. मुंबईत त्या दिवशीही जवळपास अकरा तास उजेड असतो, त्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटत नाही. माझी मुलगी स्टॉकहोमजवळ राहते. तिच्याकडे मी दोन हिवाळे काढले. तिथे सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. तेवढ्या वेळातही तो वर असा येतच नाही, समोरच्या इमारतीच्या गच्चीला टेकून चालल्यासारखा जातो. दुपारचा चहा दिवे लावून प्यायचा. असे चार दिवस काढले की या सणांमध्ये मेणबत्त्या, शेकोट्या आणि कंदील इतके का, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सगळ्यात लहान दिवस हा सगळ्यात थंड दिवस नसतो. कडाका मागाहून येतो. म्हणून उत्तरेकडचे जुने लोक हिवाळ्याचा मध्य जानेवारीत धरत. पुढे ‘युल’बद्दल वाचताना हे लागेल.

‘पेगन’ हा एखादा धर्म आहे का?

नाही. लॅटिन ‘पागानुस’ म्हणजे खेडवळ माणूस. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यातले ख्रिस्ती लोक जुने देव न सोडणाऱ्यांना हा शब्द लावू लागले. स्वतःला पेगन म्हणवणारा माणूस तेव्हा सापडला नसता. रोमचा सॅटर्न, नॉर्वेचा थोर आणि आयर्लंडमधल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातला नाव नसलेला देव, या सगळ्यांना एकाच पोत्यात भरायला हा शब्द सोयीचा आहे, एवढंच. निम्मे घोळ या पोत्यामुळेच होतात.

सूर्य परत फिरतो हे लोकांना खरोखर इतक्या पूर्वी कळत होतं?

अगदी बारकाईने. आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाची दगडमातीची मोठी थोरली टेकडी आहे, इसवी सनापूर्वी ३२००च्या आसपास माणसांनी रचलेली. म्हणजे गीझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनी. आत सुमारे १९ मीटर लांबीची अरुंद वाट आणि शेवटी खोली. दाराच्या वर एक वेगळी खिडकीवजा फट ठेवलेली आहे. वर्षभर खोलीत मिट्ट काळोख असतो. १९ ते २३ डिसेंबरच्या दरम्यान मात्र, आकाश मोकळं असेल तर, उगवतीचं किरण त्या फटीतून थेट आतल्या खोलीच्या जमिनीवर उतरतं आणि साधारण १७ मिनिटांनी निघून जातं. गावात याच्या दंतकथा होत्या. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली १९६७च्या डिसेंबरात पहाटे आत एकटे जाऊन बसले आणि त्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं. आता आत बसायला मिळावं म्हणून सोडत काढतात.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजची आखणीही मध्यहिवाळ्याच्या सूर्यास्ताच्या रेषेवर आहे. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांच्या हाडांचे ढीग सापडले. त्यातली पुष्कळ जनावरं साधारण नऊ महिन्यांची असताना कापलेली होती. डुकरीण वसंतात विते, तेव्हा हिशेब डिसेंबर-जानेवारीत येतो. म्हणजे हिवाळ्यात तिथे मोठमोठ्या जेवणावळी उठत होत्या. कुणाच्या नावाने, ते मात्र हाडं सांगत नाहीत.

लिखित वर्णनांमधलं माझं आवडतं प्रोकोपियसचं, सहाव्या शतकातलं. हा बायझंटाइन इतिहासकार ‘थुले’ नावाच्या अति उत्तरेकडच्या मुलखाबद्दल लिहितो. तिथे हिवाळ्यात चाळीस दिवस सूर्य दिसत नाही. पस्तीस दिवस झाले की काही माणसांना डोंगराच्या शेंड्यावर पाठवतात. तिथून त्यांना सूर्य दिसला की ते खाली निरोप आणतात, अजून पाच दिवसांत तो तुम्हालाही दिसेल. आणि तो निरोप आला की गाव तिथल्या तिथे, अंधारातच, सण साजरा करतो. सूर्य यायची वाट न बघता, नुसत्या बातमीवर! प्रोकोपियस स्वतः तिकडे गेला नव्हता. जायची फार इच्छा होती पण जमलं नाही, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. ऐकीव असली तरी या बातमीत थंडी झोंबते.

रोमन लोकांचा सॅटर्नेलिया म्हणजे काय? तोच पुढे नाताळ झाला का?

शिमगा, दिवाळीची भेटवस्तूंची देवाणघेवाण आणि पोळ्याला बैलांना मिळणारी सुट्टी, हे तिन्ही एका आठवड्यात कोंबा. साधारण तसं.

सॅटर्न हा शेतीचा जुना देव. त्याच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोऱ्याने बांधलेले असत, ते सणाला सोडत. मुख्य दिवस १७ डिसेंबर. पुढे उत्सव लांबत गेला. सम्राट ऑगस्टसने तो तीन दिवसांवर आणला, सम्राट कॅलिग्युलाने पाच केले, लोक मात्र आठवडाभर काही कामाला लागत नसत. न्यायालयं आणि शाळा बंद. एरवी मनाई असलेला जुगार उघड चाले. टोगा खुंटीला टांगून लोक रंगीत, ऐसपैस कपडे घालत आणि मुक्त केलेल्या गुलामांची असते ती टोपी सगळेच डोक्यावर चढवत. घरातले गुलाम आधी जेवत, कुठे कुठे मालक त्यांना वाढत. सोंगट्या टाकून एक ‘राजा’ निवडायचा आणि त्याने काहीही फर्मावलं तरी ऐकायचं. भेटी म्हणून मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या. कवी मार्शलने अशा भेटींवर दोन-दोन ओळींची चुटकुली रचली, त्यात दात कोरायची काडीसुद्धा आहे.

सण सगळ्यांना मानवत होता असं नाही. धाकट्या प्लिनीने पत्रात लिहिलं आहे की त्याच्या समुद्रकाठच्या घरात त्याने एक खोली अशी बांधून घेतली होती, जिथे सॅटर्नेलियाचा घरभरचा आरडाओरडा पोहोचत नाही. गणपतीत मंडळाच्या स्पीकरशेजारी राहणाऱ्याला हा माणूस सख्ख्या भावासारखा वाटेल.

आणि एक प्रसंग. इसवी सन ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनवर चढाई करायला निघालं, पण समुद्र ओलांडायला शिपाई तयार होईनात. सम्राट क्लॉडियसने समजूत घालायला नार्सिसस नावाचा आपला अधिकारी पाठवला. हा पूर्वीचा गुलाम. तो सेनापतीच्या चौथऱ्यावर उभा राहून बोलायला लागताच सैन्यातून एकच आरोळी उठली, ‘इओ सॅटर्नेलिया!’ म्हणजे बघा, गुलाम मालक झालाय, सण लागला वाटतं. हशा पिकला, आणि नंतर सैन्य निमूट निघालं.

आता मूळ प्रश्न. सॅटर्नेलिया २३ डिसेंबरला संपत असे. तारखा जुळत नाहीत, आणि सॅटर्नचा जन्मबिन्म काही त्यात नव्हता. भेटी, मेजवान्या, थट्टामस्करी हा मोसमाचा स्वभाव पुढे टिकला, हे पटण्यासारखं आहे. पण ‘सॅटर्नेलियाचं नाव बदलून नाताळ ठेवलं’ हे नाही.

मग २५ डिसेंबर कुठून आला? तो सूर्यदेवाचा वाढदिवस होता ना?

इथे जरा दम धरून वाचा, कारण फॉरवर्डची सगळी मदार यावर आहे.

ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं, तेव्हा रोमन पंचांगात सूर्य फिरण्याचा दिवस २५ डिसेंबर धरला गेला. पुढे प्रत्यक्ष दिवस मागे मागे सरकला, पण कागदावर २५ तारीख राहिली. इसवी सन २७४ मध्ये सम्राट ऑरेलियनने रोममध्ये ‘सोल इन्व्हिक्टुस’ म्हणजे अजिंक्य सूर्याचं भव्य मंदिर बांधून त्याला राजाश्रय दिला. इथवर सगळं पक्कं. फॉरवर्ड पुढे म्हणतो की ऑरेलियनने २५ डिसेंबर हा सूर्याचा सण जाहीर केला. असं सांगणारा त्या काळातला एकही कागद नाही.

कागद आहे तो ३५४ सालचा. रोममधल्या एका श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी फिलोकालुस नावाच्या नामांकित लेखनिकाने सजवलेली पंचांगवही. मूळ वही हरवली, नंतरच्या नकला उरल्या. त्यातल्या सरकारी सणांच्या यादीत २५ डिसेंबरपुढे लिहिलं आहे: ‘एन. इन्व्हिक्टी’, आणि ३० रथशर्यती. ‘एन’ म्हणजे ‘नातालिस’, जन्मदिवस. अजिंक्याचा जन्मदिवस. त्याच वहीत, वेगळ्या पानावर, हुतात्म्यांच्या यादीच्या आरंभी, त्याच तारखेपुढे: यहुदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. ही दुसरी यादी अभ्यासकांच्या मते मुळात ३३६ सालची. म्हणजे दोन्ही सणांचा सगळ्यात जुना पुरावा एकाच वहीत आहे, आणि त्यातला ख्रिस्ती भाग उलट किंचित जुना निघतो. कोणी कोणाचं घेतलं, हे या वहीवरून ठरत नाही.

दुसरा मार्ग हिशेबाचा. येशू ज्या तारखेला मरण पावला त्याच तारखेला तो आईच्या उदरात आला होता, अशी समजूत जुन्या ख्रिस्ती लेखकांमध्ये होती. मृत्यूची तारीख पश्चिमेकडे २५ मार्च धरत. त्यात नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर. पूर्वेकडे काही जण ६ एप्रिल धरत. त्यात नऊ महिने मिळवा, ६ जानेवारी. आणि पूर्वेकडचा जुना सण खरोखरच ६ जानेवारीला होता! आर्मेनियाचं चर्च आजही त्याच दिवशी साजरा करतं. संत ऑगस्टिनने हा २५ मार्चचा हिशेब स्पष्ट लिहिलेला आहे.

चर्चने सूर्याचा सण मुद्दाम हेरून तारीख ठेवली, हे स्पष्ट शब्दांत म्हणणारा मजकूर मिळतो तो थेट बाराव्या शतकातला, एका सिरियाक हस्तलिखिताच्या समासात. आठशे वर्षांनंतरची समासातली टीप म्हणजे काही पंचनामा नव्हे.

माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. तारीख बहुधा हिशेबाने आली. ती रोमभर पसरली आणि रुजली, त्यात सूर्याचा हात नक्की होता. त्या काळातले धर्मगुरूच प्रवचनांत ख्रिस्ताला ‘खरा सूर्य’ म्हणत होते. हा दिवस सूर्यासाठी नव्हे, सूर्य घडवणाऱ्यासाठी पाळा, असं ऑगस्टिनला श्रोत्यांना बजावावं लागलं. ज्या गोष्टीचा गोंधळ होत नाही ती कुणी बजावत नाही.

मिथ्र, होरस, कृष्ण, हे सगळे २५ डिसेंबरलाच जन्मले म्हणे?

मिथ्र या रोमन सैनिकांच्या लाडक्या देवाची जन्मतारीख सांगणारा कुठलाही प्राचीन लेख नाही. शिल्पांत तो खडकातून बाहेर पडताना दिसतो, आणि तेही तरणाबांड. इजिप्तच्या होरसचा जन्म २५ डिसेंबरचा, असंही कुठला प्राचीन लेख सांगत नाही. आणि कृष्णाची तारीख मराठी माणसाने विचारावी? श्रावण वद्य अष्टमीला दहीहंडीच्या आदल्या रात्री आपण काय करतो मग?

बायबलमध्ये तारीख दिली आहे का?

नाही. महिना नाही, ऋतूही नाही. ‘तीन’ राजे असंही मूळ मजकुरात नाही. पूर्वेकडून आलेले ज्ञानी, एवढंच. भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली.

‘युल’ हा व्हायकिंग लोकांचा नाताळ का?

उलट बोला. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये आजही नाताळला ‘युल’च म्हणतात. ख्रिस्ती होऊन हजार वर्षं झाली तरी सणाचं नाव जुनंच राहिलं. इंग्लंडमधला साधू बीड ७२५ साली लिहितो की इंग्रजांचे पूर्वज डिसेंबर आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांना ‘गिउली’ म्हणत, आणि नाताळच्या आदल्या रात्रीला ‘आयांची रात्र’. त्या रात्री काय करत, ते त्याने सांगितलं नाही. चुटपुट लागते.

नॉर्वेची गोष्ट मजेशीर आहे. दहाव्या शतकातला राजा होकोन लहानपणी इंग्लंडच्या राजाकडे वाढला, तिथे ख्रिस्ती झाला आणि गादीवर बसायला परत आला तो सगळ्या जुन्या देवांच्या भक्तांमध्ये. त्याने धर्म लादला नाही, कायदा केला. युल आधी मध्यहिवाळ्याच्या रात्रीपासून पाळत, म्हणजे जानेवारीत. तो यापुढे ख्रिस्ती सणाच्याच वेळी सुरू करायचा. प्रत्येकाने ठरल्या मापाच्या माल्टची बिअर गाळायची, नाही गाळली तर दंड, आणि बिअर पुरेल तोवर सण पाळायचा. धर्मांतराचा इतका गोड कायदा मी दुसरा वाचलेला नाही. पण ट्रॉन्डेलागच्या शेतकऱ्यांना डाव कळला. एका युलला त्यांनी राजाला घेरलं आणि बळी दिलेल्या घोड्याची कलेजी खायला लावली. राजाने काही तुकडे गिळले आणि क्रूसाची खूण न करता प्याला रिकामा केला.

ही कथा लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसन आइसलंडचा, आणि घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा. त्याचा शब्द न् शब्द खरा मानू नका. पण कायद्याला आधार आहे. नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्यातही सणाची बिअर गाळणं सक्तीचं आहे. ती नाताळच्या रात्री ख्रिस्ताच्या आणि मरियेच्या नावाने प्यायची, ‘चांगल्या पिकापाण्यासाठी आणि शांततेसाठी’. नेमकं हेच मागणं जुने लोक आपल्या देवांपुढे प्याला उचलताना मागत. मागणं तेच, बिअर तीच. वर नाव बदललं.

म्हणजे चर्चने जुन्या रूढी गिळल्या. बरोबर?

काही गिळल्या, काहींशी शतकानुशतकं भांडण काढलं.

६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला पत्र पाठवलं: मूर्ती फोडा, पण देवळं पाडू नका. पवित्र पाणी शिंपडून वापरा. लोक बैल कापून मेजवानी करत असतील तर करू द्या, फक्त ती चर्चभोवती मांडव घालून, आपल्या देवाच्या नावाने होऊ द्या. उंच चढायचं तर पायरीपायरीने चढावं लागतं, उडी मारून नाही. हे पत्र नाताळविषयी नाही हे लक्षात ठेवा, लोक ते नाताळला चिकटवतात. पण धोरण कळतं.

दुसऱ्या बाजूला १ जानेवारी. रोमन नववर्षाला लोक हरणांची, बायकांची सोंगं घेऊन नाचत. धर्मगुरू त्यावर तुटून पडायचे. ५६७च्या टूर धर्मपरिषदेने नाताळ ते ६ जानेवारी हे दिवस सणाचे ठरवले, पण मधल्या नववर्षाला खास उपास सांगितला. सगळं गाव खातंय-पितंय तेव्हा आपण उपाशी, म्हणजे वेगळेपण दिसावं. तो उपास लोकांनी किती पाळला असेल, तुम्हीच ठरवा.

आणि पाचव्या शतकातला पोप लिओ. नाताळच्या प्रवचनातली त्याची तक्रार अशी, की पहाटे सेंट पीटर चर्चच्या पायऱ्या चढून वर आलेले ख्रिस्ती लोक आत शिरण्याआधी मागे वळतात आणि उगवत्या सूर्याला मान लववून नमस्कार करतात. कशाला करतात, तर सवयीने. आमच्या वाड्यातले एक आजोबा रोज सकाळी दूध आणायला निघताना कोपऱ्यावर पिशवी काखेत मारून सूर्याला हात जोडायचे. चप्पलसुद्धा काढत नसत. त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

१३ डिसेंबरच्या सांता लुसियाचा मध्यहिवाळ्याशी काय संबंध?

कॅलेंडरच्या चुकीचा! सीझरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी मोठं होतं. चूक साचत गेली आणि चौदाव्या शतकात सगळ्यात मोठी रात्र १३ डिसेंबरच्या आसपास येऊन पडली. हा लुसियाचा दिवस. लुसिया सिसिलीतल्या सिराक्यूजची हुतात्मा, ३०४ साली मारली गेलेली, नावातच लॅटिन ‘लुक्स’, उजेड. सिसिलीची ही मुलगी बर्फाळ स्वीडनमध्ये घरोघरी झाली ती या जुळणीमुळे. १५८२मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने दहा दिवस गाळून कॅलेंडर सरळ केलं (४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर), स्वीडनने ते १७५३ला स्वीकारलं, मोठी रात्र पुढे सरकली. लुसिया मात्र १३लाच राहिली.

पांढरा झगा, लाल पट्टा, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट हे रूप वाटतं तेवढं प्राचीन नाही. पांढऱ्या वेषातल्या लुसियाची पहिली नोंद १७६४ची, वेस्टरयोटलंडमधल्या एका जमीनदाराच्या घरची. सार्वजनिक मिरवणुका तर १९२७ला स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने स्पर्धा घेतल्यापासून फोफावल्या.

हे सगळं मला माहीत होतं. तरी नातीच्या बालवाडीत सकाळी सात वाजता, बाहेर काळोख आणि उणे आठ अंश, दिवे मालवून आम्ही आईबाप-आजीआजोबा भिंतीला टेकून उभे, आणि दारातून बॅटरीच्या मेणबत्त्यांचा मुकुट सावरत सहा वर्षांची लुसिया आत आली, तेव्हा घशात काहीतरी आलंच. आमची नात लुसिया नव्हती. तिने आल्याच्या बिस्किटाचा माणूस व्हायचा हट्ट धरला होता, आणि अर्ध्या गाण्यात ती तपकिरी टोपी डोळ्यांवर घसरून तशीच उभी राहिली. नंतर केशर घातलेले पिवळे पाव मिळाले, ‘एस’च्या आकाराचे, दोन्ही वळशांत एकेक बेदाणा. केशराचा हात मात्र त्यांचा फार आखडता, श्रीखंड खाणाऱ्यांना कमीच वाटतं.

नाताळचं झाड, बांडगूळ, सांताक्लॉज: यातलं काय खरंच पेगन?

झाड: सोळाव्या शतकातलं, ऱ्हाईन नदीकाठच्या जर्मन भाषकांचं. १६०५ला स्ट्रासबुर्गमधल्या घरांत कागदी गुलाब, सफरचंदं, साखरेची मिठाई लावलेल्या झाडांचं वर्णन आहे. सफरचंद आलं बहुधा आदम-हव्वेच्या नाटकातून, कारण २४ डिसेंबर हा त्या दोघांचा दिवस. इंग्लंडात झाड लोकप्रिय झालं ते राणी व्हिक्टोरियाच्या घरचं चित्र १८४८ला छापून आल्यावर. व्हायकिंगांचा देव ओडिन याचा काही संबंध नाही. हिवाळ्यात हिरव्या फांद्या घरात आणणं मात्र खूप जुनं आहे, रोमन लोकही करत.

बांडगूळ: आपल्याकडे ही शिवी आहे. युरोपात त्याच जातकुळीची, झाडावर फुकट जगणारी वनस्पती दारावर टांगून खाली चुंबन घेतात. थोरला प्लिनी लिहितो की गॉलमधले ड्रुइड पुरोहित पांढरे कपडे घालून, चंद्राच्या सहाव्या दिवशी, सोन्याच्या कोयत्याने ओकवरचं बांडगूळ कापत. पण हिवाळ्याचं त्यात नाव नाही, चुंबनाचं तर नाहीच. ती इंग्लंडमधली अठराव्या शतकातली टूम.

सांताक्लॉज: मूळ मायराचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, बिशप निकोलस. दिवस ६ डिसेंबर. डच लोकांचा सिंटरक्लास झाला, न्यूयॉर्कला जाऊन गुटगुटीत झाला. तो आठ पायांच्या घोड्यावरचा ओडिन आहे असं सांगणाऱ्यांना मधल्या पाच-सातशे वर्षांचा दुवा दाखवता येत नाही.

ख्रिस्ती लोकांनीच नाताळवर बंदी घातली होती, हे खरं?

अगदी खरं. इंग्लंडच्या प्युरिटन संसदेने १६४७ला नाताळ रद्द केला. बायबलमध्ये नाही, पोपवाल्यांचा आहे आणि मुळात पेगन आहे, ही कारणं. म्हणजे आमच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड पहिल्यांदा कट्टर ख्रिश्चनांनी पाठवला! त्या २५ डिसेंबरला कँटरबरीत दुकानं उघडी ठेवण्यावरून दंगल झाली. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ उजाडलं.

रशियात नाताळ ७ जानेवारीला का?

तिथलं चर्च अजून सीझरच्या कॅलेंडरवर आहे. त्यांची २५ डिसेंबर सध्या आपल्या ७ जानेवारीला पडते. २१०१पासून ती ८ला पडेल. युक्रेनने २०२३मध्ये सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली.

आजही कुणी पेगन पद्धतीने हा दिवस पाळतं का?

हो. आइसलंडमध्ये जुन्या देवांच्या उपासकांच्या संघाला १९७३मध्ये सरकारी मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये विक्का आणि नव-ड्रुइड मंडळी वर्षाचे आठ सण पाळतात. हे आठाचं चक्र १९५०च्या दशकात जुळवलेलं आहे, सुटे भाग जुने पण यंत्र नवं. त्यात मला खोट वाटत नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सव १८९०च्या दशकातला आहे, म्हणून त्यातली भक्ती कमी ठरते का? गंमत एवढीच की स्टोनहेंजची हिवाळी रेषा सूर्यास्ताची, आणि गर्दी जमते सूर्योदयाला.

आपली मकर संक्रांत म्हणजे हाच सण ना?

एके काळी होती. सूर्य मकर राशीत शिरणं आणि उत्तरायण सुरू होणं हे दोन्ही इसवी सन ३००च्या आसपास एकाच दिवशी घडत होतं. योगायोग बघा, साधारण त्याच सुमारास रोममध्ये ऑरेलियनचा सूर्य मंदिरात बसत होता. आपलं पंचांग ताऱ्यांना धरून चालतं, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संक्रांत ऋतूपासून सुटत गेली. साधारण ७० वर्षांत एक दिवस. म्हणून आज उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागतं आणि तिळगूळ १४-१५ जानेवारीला. युरोपातल्या सणांशी याचं नातं नाही, दोघांचा सूर्य तेवढा एक.

यातून एक लोकप्रिय समजूत मोडते. ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ असं आपण म्हणतो, कारण लढाई १४ जानेवारी १७६१ची. पण विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. त्याच्या शंभर वर्षं आधी संक्रांत आणखी अलीकडे, म्हणजे १०-११ जानेवारीला असणार. पानिपतच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, संक्रांत होऊन गेली होती. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, मग म्हण बदलायची का?’ म्हटलं, म्हण राहू दे, तारीख बदल.

गोव्यात यातलं काय पाहायला मिळतं?

६ जानेवारीचा तीन राजांचा सण. मांडवीच्या मुखाशी रेईश मागुश नावाचं चर्च आहे, नावाचा अर्थच तीन ज्ञानी राजे. तिथे आणि चांदोर, कांसावली भागात निवडलेली तीन मुलं मखमली झगे आणि मुकुट घालून घोड्यावरून येतात. ऊन मी म्हणत असतं, मुकुटाखालून घाम ओघळत असतो, आणि घोड्याचा लगाम धरलेला काका सारखा ‘सरळ बस’ म्हणून खुणावत असतो. पूर्वेकडच्या जुन्या नाताळाची तारीख इथे नारळाच्या झावळ्यांखाली जिवंत आहे.

आणि आपला ‘नाताळ’ हा शब्दच घ्या. पोर्तुगीज ‘नाताल’, त्यामागे लॅटिन ‘नातालिस’. ३५४च्या वहीत सूर्यापुढे लिहिलेला ‘एन’ तो हाच. वसईतली आजी पानावर नेवऱ्या वाढताना जो शब्द उच्चारते, तो रथशर्यतींच्या यादीतही होता.

हे सगळं घरबसल्या अनुभवायचं तर?

पश्चिमेची खिडकी किंवा गच्ची गाठा. नोव्हेंबरपासून रोज एकाच जागी उभं राहून सूर्य कुठे मावळतो ते बघा. कुठल्या टाकीमागे, कुठल्या इमारतीच्या कितव्या मजल्यामागे. आधी तो रोज डावीकडे सरकताना कळेल. मग साधारण ११ ते ३१ डिसेंबर तो जवळजवळ हलणारच नाही, सगळं मिळून जेमतेम एका बिंबाएवढं. लॅटिनमध्ये या दिवसांचं नाव ‘सूर्य थांबला’ असंच आहे. नुसत्या डोळ्यांना तो नेमका कधी फिरला हे पकडता येत नाही, म्हणूनच न्यूग्रेंजवाल्यांना फट ठेवावी लागली. आमच्या गच्चीवरून तो शेजारच्या सोसायटीच्या डिश अँटेनामागे थांबतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अँटेना सोडतो, तेव्हा मी तीळ भाजायला घेते.